आपल्या वेबसाइटची किल्ली कुणाकडे?

(सामुदायिक रेडिओवर आमच्या गटाने सांगितलेली ही गोष्ट, मैत्रिणींच्या आग्रहावरून इथे लिहून देत आहोत.)



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, "तुम्ही वेबसाइट करायला शिकलात ते ठीक. पण रेडिओवर त्याचा इतिहास काय सांगणार? ही तर कालपरवाची गोष्ट." आम्हालाही आधी तसंच वाटायचं. शिकायला बसलो तेव्हा कळलं, की या गोष्टीला पस्तीसेक वर्षं होऊन गेली आहेत. आणि आपण बायका लिहायला कशा शिकलो, त्या गोष्टीशी ती बरीच जुळते.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने एक वेबसाइट करून घेतली होती. तालुक्याच्या गावातल्या एका माणसाने ती करून दिली. पैसे आम्ही बचतीतून दिले, तसा ठरावही केला. वेबसाइटवर आमचे पापड, कुरडया, सांडगे, काळा मसाला यांचे फोटो आणि दर होते. त्याशिवाय आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी सांगायच्या आणि आमची सचिव वहीत उतरवून घ्यायची. ती वही आम्ही टाइप करायला दिली. परत आली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. "आता कॉम्प्युटरवर आहे, जाते कुठे?" असंच सगळ्या म्हणालो.

पुढे उडदाचा भाव चढला. पापडाचा दर बदलायचा होता, म्हणजे एक आकडा खोडून दुसरा लिहायचा. त्या माणसाला फोन केला. आज करतो, उद्या करतो, असं करत तीन आठवडे गेले, आणि त्या एका आकड्याचे वेगळे पैसे पडले. तोवर लोक जुन्या दराने पापड मागत राहिले आणि आम्ही तोटा सोसत राहिलो. दोन वर्षांनी एके दिवशी वेबसाइट उघडेचना. चौकशी केली तेव्हा कळलं, की वेबसाइटचं नाव त्याच्या नावावर नोंदलेलं होतं. मुदत संपली, त्याने पैसे भरले नाहीत आणि ते बंद पडलं. त्याचा फोनही लागेना.

त्याच्या आदल्या दिवाळीत आजी गेल्या होत्या.

दर गेले, फोटो गेले, त्याचं काही नाही. ते पुन्हा करता येतात. आजींच्या ओव्या मात्र गेल्या. तेव्हा आम्ही ठरवलं, की हे काम आता आपणच शिकायचं. सगळा दोष त्या माणसाला देणार नाही. घर बांधून घेतलं आणि किल्ली कुणाकडे आहे हे विचारलं नाही, ही चूक आमचीच.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा शहराजवळ सर्न नावाची विज्ञान संशोधनाची मोठी संस्था आहे. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ काम करतात. प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, त्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नसे. तिथे काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसाने १९८९ साली त्यावर एक तोडगा मांडला. प्रत्येकाने आपली पानं आपल्या कॉम्प्युटरवर ठेवावीत, पण ती एकमेकांना अशी जोडावीत की एका पानावरून दुसऱ्या पानावर सहज जाता यावं. यातूनच आज आपण ज्याला वेब म्हणतो ते उभं राहिलं. १९९० संपता संपता पहिली वेबसाइट तयार झाली होती.

यातली एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. बर्नर्स-ली यांनी पानं बघण्यासाठी जो पहिला प्रोग्राम लिहिला, त्यात वाचताही येत होतं आणि लिहिताही येत होतं. वाचणारी ती लिहिणारी, अशी मूळ कल्पना होती. पण तो प्रोग्राम एकाच जातीच्या महागड्या कॉम्प्युटरवर चालायचा, आणि तसे कॉम्प्युटर मोजक्या लोकांकडे होते.

तेव्हा निकोला पेलो नावाची एक मुलगी इंग्लंडहून सर्नमध्ये शिकाऊ म्हणून आली होती. गणिताची विद्यार्थिनी होती ती. तिने दुसरा एक प्रोग्राम लिहिला. त्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसता मजकूर ओळीखाली ओळ यायचा. पण तो कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर चाले. वेब सर्नच्या बाहेर पोचलं, त्यात या मुलीच्या कामाचा मोठा वाटा आहे. मात्र तिच्या प्रोग्रामात फक्त वाचता यायचं. सगळ्या तऱ्हेच्या कॉम्प्युटरवर लिहिण्याची सोय करणं तेव्हा फार अवघड होतं. पुढे १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझाइक नावाचा प्रोग्राम तयार झाला. त्यात मजकुराशेजारी चित्रंही दिसू लागली आणि वेब झपाट्याने पसरलं. पण तोही वाचण्यापुरताच होता.

म्हणजे वाचणं सगळ्यांकडे गेलं आणि लिहिणं जाणकारांकडे राहिलं.

हे ऐकलं तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "हे तर आपल्यासारखंच झालं." खरंच आहे. आपल्या पणज्या पोथी ऐकायला बसायच्या, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण हातात लेखणी घ्यायची म्हटलं की घरात वादळ. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा काय काय सोसलं ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्या गटातल्या तिघी जणी पहिल्या बैठकीला अंगठा लावत होत्या. आज त्या सही करतात. ऐकणं, वाचणं आणि लिहिणं यांत केवढं अंतर असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको.

सर्नने एक गोष्ट मात्र फार मोलाची केली. ३० एप्रिल १९९३ रोजी तिने जाहीर केलं, की वेबची ही सारी विद्या कुणीही फुकट वापरावी, आमचा त्यावर हक्क नाही. त्यामुळे दार सगळ्यांसाठी उघडं राहिलं. तरी आत जाऊन लिहायला विशेष शिक्षण लागायचंच. टोकदार कंसांत खुणा लिहाव्या लागायच्या. ही ओळ ठळक, इथे नवा परिच्छेद, इथे फोटो, अशी प्रत्येक गोष्टीची वेगळी खूण. एक खूण चुकली की पान बिघडायचं. वीस पानांची वेबसाइट म्हणजे वीस वेगळ्या फाइली. फोन नंबर बदलला की वीस जागी बदलायचा.

यावरचा उपाय म्हणजे सीएमएस. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. मजकूर सांभाळणारा हा प्रोग्राम. आपण घरातल्या सोऱ्यावरून तो समजून घेऊ.

सोऱ्यात पीठ भरतो आणि खाली चकती लावतो. बारीक भोकांची चकती लावली तर शेव, चांदणीची लावली तर चकली. पीठ वेगळं, चकती वेगळी. सीएमएसमध्ये मजकूर आणि फोटो म्हणजे पीठ, ते एका जागी साठवलेलं असतं. पान कसं दिसावं हे ठरवणारा साचा म्हणजे चकती, त्याला थीम म्हणतात. कुणी वेबसाइट उघडली की प्रोग्राम त्या क्षणी साच्यातून मजकूर काढून तिच्यापुढे मांडतो. दर बदलला तर फक्त मजकूर बदलायचा. रूप बदलायचं तर साचा बदलायचा, मजकुराला धक्का लागत नाही. फोन नंबर एका जागी बदलला की वीसही पानांवर बदलतो.

असे प्रोग्राम सुरुवातीला मोठ्या कंपन्यांनाच परवडत. पण त्याच काळात काही जण लागणारं सामान फुकट वाटत होते. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली पीएचपी ही कॉम्प्युटरची भाषा सगळ्यांसाठी खुली केली. त्याच साली मजकूर साठवण्यासाठी मायएसक्यूएल नावाची कोठी आली. त्या नावातली 'माय' म्हणजे आपली आई नव्हे. ती तयार करणारे फिनलंडचे मायकेल विडेनियस, त्यांच्या लेकीचं ते नाव आहे. एवढं सामान हाताशी आल्यावर साध्या विद्यार्थ्यांनाही सीएमएस बनवता येऊ लागलं.

बेल्जियमच्या अँटवर्प शहरात द्रीस ब्योतेर्त नावाचा विद्यार्थी होता. २००० साली त्याने वसतिगृहातल्या मित्रांनी मिळून घेतलेल्या इंटरनेटवर एक छोटी वेबसाइट केली. आज जेवायला कुठे जमायचं, नेट चालू आहे की बंद, असले निरोप त्यावर असत. शिक्षण संपल्यावर ती सगळ्यांसाठी खुली करताना तिला 'गाव' या अर्थाचा डच शब्द द्यायचा होता. टाइप करताना अक्षर चुकलं आणि झाला 'थेंब'. त्यावरूनच पुढे त्या प्रोग्रामचं नाव द्रुपल पडलं. २००१ साली त्याने तो सगळ्यांना देऊन टाकला. २००५ साली जूमला आलं. हा शब्द आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतून घेतला, अर्थ 'सगळे मिळून'. जुन्या मराठी हिशेबांत 'जुमला' म्हणजे एकूण बेरीज. दोन्ही शब्दांचं मूळ अरबीत आहे.

आम्ही ज्यावर शिकलो त्या वर्डप्रेसची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आमच्या मनाला लागली.

फ्रान्सच्या मिशेल वाल्द्रिगी या माणसाने बीटू नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. बरेच लोक तो वापरत. २००२ संपत आलं तसं त्याचं काम थांबलं आणि त्याचा काही पत्ता लागेना. आमच्या वेबसाइटवाल्याचा फोन बंद झाला तसंच म्हणा. पण इथे एक फरक होता. बीटू हा मुक्त परवान्याखाली दिलेला होता. या परवान्यामागे अमेरिकेच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेली चळवळ आहे. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्राम वापरायची, आत कसा चालतो ते बघायची, तो बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक प्रत्येकाला हवी. आणि पुढे ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्यायची.

आपल्याकडे विरजणाचं असंच असतं. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं म्हणून तिचं दही कमी होत नाही. आणि उद्या तिचं घर बंद झालं तरी आपल्या घरी दही लागतंच.

तसंच झालं. अमेरिकेच्या ह्यूस्टन शहरात एकोणीस वर्षांचा मॅट मलनवेग बीटू वापरत होता. जानेवारी २००३ मध्ये त्याने जाहीर लिहिलं, की हे काम बंद पडू नये, आपण पुढे नेऊ या. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी कळवलं, मी सोबत येतो. दोघं दोन देशांत. तरी त्यांनी काम केलं आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस बाहेर आलं. हे नाव सुचवलं क्रिस्टिन ट्रेमुले या मॅटच्या मैत्रिणीने. नाव ठेवण्याचा मान बाईकडेच आला! पुढे डिसेंबर २०२० मध्ये वर्डप्रेसची एक आवृत्ती निघाली, तिच्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या गटात एकही पुरुष नव्हता. वर्डप्रेसच्या आवृत्त्यांना जॅझ संगीतातल्या कलाकारांची नावं देतात. या आवृत्तीला निना सिमोन या गायिकेचं नाव दिलं. आज जगातल्या दर दहा वेबसाइटमागे चार वर्डप्रेसवर चालतात.

मराठीचं काय, असं तुम्ही विचाराल. एक काळ असा होता, की मराठीत टाइप केलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेलं की गिचमीड दिसायचं, कारण प्रत्येक फाँटची रीत वेगळी होती. १९९१ साली युनिकोड आलं, म्हणजे जगातल्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक मिळाला, आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून होती. भारतात १९८८ साली ठरलेल्या क्रमवारीवरच ती बसवली होती. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फाँट विंडोजबरोबर घरोघरी पोचला. १ मे २००३ला, म्हणजे वर्डप्रेस आलं त्याच महिन्यात, मराठी विकिपीडिया सुरू झाला. वर्डप्रेसमधल्या सूचनाही स्वयंसेवकांनी मराठीत आणल्या आहेत. २०१४ पासून वेबसाइटचं नावसुद्धा 'डॉट भारत' लावून देवनागरीत घेता येतं.

आता आम्ही कसं शिकलो ते सांगतो.

जागा ग्रामपंचायतीची खोली, वेळ दुपारी दोन ते चार, लॅपटॉप एकच. शिकवायला आमच्याच एका सदस्येची कॉलेजात जाणारी लेक. तिने पहिले दोन महिने वर्डप्रेस लॅपटॉपवरच बसवून दिलं, इंटरनेटशिवाय. तसं करता येतं. त्यामुळे चुका केल्या तरी गावाला दिसत नव्हत्या, आणि आम्ही भरपूर केल्या. एकदा एकीने साचाच बदलला. सगळी पानं भलत्याच रंगात दिसू लागली, वरची यादी गायब झाली. ती रडकुंडीला आली. मग पहिला साचा परत लावला, तर सगळं जागच्या जागी. सोऱ्याची गोष्ट तेव्हा खरी समजली. आणखी एक कळलं, की आपण लिहिलेल्या पानाचे आधीचे खर्डे वर्डप्रेस जपून ठेवतं. चुकून खोडलं तरी मागे जाता येतं. त्यानंतर भीती गेली.

अधिकार वाटून देता येतात, हेही आम्हाला फार आवडलं. सगळ्या किल्ल्या असणारी वेगळी, सगळ्यांचं लिखाण तपासून प्रसिद्ध करणारी वेगळी, आणि नुसतं लिहून ठेवणारी वेगळी. आमच्याकडे दहा जणी लिहितात, दोघी तपासतात. कुणाचा फोटो किंवा फोन नंबर टाकायचा तर आधी तिला विचारायचं, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला.

प्रोग्राम फुकट असला तरी वेबसाइटचं नाव आणि तिची इंटरनेटवरची जागा यांचं दर वर्षी भाडं भरावं लागतं. ते विसरू नका. आम्ही तेच विसरलो होतो.

आजींच्या ओव्यांचं काय झालं? जुन्या वेबसाइट जपणारं एक मोठं ग्रंथालय इंटरनेटवर आहे, १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेलं. त्या मुलीने तिथे शोधलं. आमचं पहिलं पान आणि ओव्यांचं एक पान तिथे सापडलं. त्यावर चार ओव्या होत्या. उरलेल्यांसाठी आम्ही आजींबरोबर दळायला बसलेल्या बायकांकडे गेलो. कुणाला एक आठवली, कुणाला अर्धी. सगळ्या काही मिळाल्या नाहीत.

त्या निमित्ताने कळलं, की पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या वेबसाइटवर त्या एकेक करून येत आहेत, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह. बाईचं नाव तिच्या ओवीला लागलं, ही केवढी गोष्ट आहे! आम्हीही आता ओवीखाली सांगणारीचं नाव लिहितो.

ज्या रेडिओवर आम्ही हे बोललो, त्याची कहाणीही वेगळी नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तरी गावातल्या संस्थांना केंद्र काढायची परवानगी मिळायला २००६ उजाडलं. २००८ साली साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी बायकांचं केंद्र सुरू झालं, तेलंगणातल्या माचनूर गावात दलित बायकांनी संगम रेडिओ सुरू केला. आधी आपण फक्त ऐकत होतो. मग बोलू लागलो.

शेवटी आमच्या ठरावाच्या वहीत काय लिहिलंय ते सांगतो, तुमच्या वहीत उतरवून घ्या. वेबसाइटचं नाव गटाच्या नावावर असावं, कुणा माणसाच्या नाही. पासवर्ड दोघींकडे असावा, आणि पदाधिकारी बदलल्या की तो बदलावा. भाडं भरायची तारीख कर्जाच्या हप्त्याच्या तारखांबरोबरच लिहावी. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की ती घ्यावी, नाहीतर चोरांना वाट मिळते. महिन्यातून एकदा सगळ्या वेबसाइटची नक्कल पेनड्राइव्हवर काढावी. आणि मूळ वही कुणालाही देऊ नये. द्यायची तर झेरॉक्स द्यावी.

मागच्या आठवड्यात उडदाचा भाव पुन्हा चढला. आमच्यातली एक, जी पूर्वी अंगठा लावायची, तिने दुपारी लॅपटॉप उघडला, पापडाचा जुना आकडा खोडला आणि नवा लिहिला. दोन मिनिटांचं काम. कुणाला फोन करावा लागला नाही.

पुन्हा भेटू. नमस्कार!